साहेबांपुढे वाकणारे बाबा : ओझूंच्या मूकपटावरची आमची चर्चा

आमच्या ऑनलाइन फिल्म क्लबात महिन्याला एक सिनेमा ठरतो. तो ज्याने त्याने आपापल्या घरी, सवडीने बघायचा आणि ठरलेल्या रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर जमून त्यावर बोलायचं. पुणे, नाशिक, कुडाळ, बडोदा, अबुधाबी, न्यू जर्सी असे आम्ही पांगलेले आहोत. बोलायचं मराठीतून, हा एकच नियम कडक. या वेळी मूकपट घेऊ या, असं मी सुचवलं. जो सुचवतो त्यानेच चर्चा चालवायची असते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी निवडला जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूंचा १९३२ सालचा ‘उमारेते वा मिता केरेदो’. मराठीत म्हणायचं तर ‘जन्माला तर आलो, पण...’

ओझू म्हटलं की आमच्यातल्या बहुतेकांसमोर १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’ येतो. म्हातारे आईवडील, आपापल्या संसारात गुंतलेली मुलं, संथ लय. त्यामुळे मूकपट आणि तोही ओझूंचा म्हटल्यावर काहींनी धसकाच घेतला. पण वयाच्या विशीत या माणसाने विनोदी सिनेमे केले होते, हॉलिवूडचे सिनेमे मनापासून पाहिले होते, आणि ‘जन्माला तर आलो’ हा त्याच काळातला सिनेमा आहे. तेव्हा ओझू अठ्ठावीस वर्षांचे होते. निर्मिती शोचिकु कंपनीची, टोकियोतल्या कामाता स्टुडिओतली. मारामाऱ्या, शाळेला दांड्या, खोड्या यांनी सिनेमाचा पहिला तास नुसता भरलेला आहे. त्या वर्षीचा सर्वोत्तम जपानी सिनेमा म्हणून ‘किनेमा जुन्पो’ या नियतकालिकाने त्याची निवड केली, आणि पुढची दोन वर्षंही तो मान ओझूंच्याच सिनेमांना मिळाला.

गोष्ट थोडक्यात अशी. योशिई नावाचा एक कारकुनी पेशातला गृहस्थ बायको आणि दोन मुलांना घेऊन टोकियोच्या उपनगरात राहायला येतो. त्याच्या कंपनीचे साहेब, इवासाकी, जवळच राहतात. मुलं, रयोइची आणि केइजी, आठ-दहा वर्षांची. गल्लीतली पोरं त्यांना धमकावतात, म्हणून ती शाळा बुडवतात, ‘उत्तम’ हा शेरा दारूच्या दुकानातल्या पोऱ्याकडून लिहून घेतात, पकडली जातात. हळूहळू ती टोळीत रुळतात, टोळीचे म्होरके होतात. साहेबांचा मुलगा तारो हाही त्याच टोळीत. मग एका संध्याकाळी साहेबांच्या घरी हौशी चित्रफीत दाखवली जाते आणि मुलांना आपले बाबा साहेबांसमोर कसे वागतात ते पडद्यावर दिसतं. तिथून सिनेमा वेगळ्याच वाटेने जातो. मुलांवरचा सिनेमा करायला घेतला आणि तो मोठ्यांवरचा होऊन बसला, असं ओझूंनीच पुढे सांगितलं होतं.

बघण्याआधी एक प्रश्न सोडवायचा होता : आवाजाचं काय करायचं? या सिनेमाच्या प्रती वेगवेगळ्या रूपांत मिळतात. कुठे पियानो जोडलेला, कुठे संपूर्ण शांतता. क्लबात दोन तट पडले. शांतता म्हणजेच मूळ रूप, असं एका गटाचं म्हणणं. मला ते पटत नव्हतं आणि त्यामागे ठोस कारण होतं.

जपानमध्ये मूकपट कधी मुके नव्हतेच. पडद्याशेजारी बेन्शी नावाचा निवेदक उभा असे. तो पात्रांचे संवाद वेगवेगळ्या आवाजांत म्हणे, प्रसंग समजावून सांगे, मधूनच आपलं भाष्यही करी. मुसेई तोकुगावांसारखे बेन्शी एवढे लोकप्रिय होते की लोक सिनेमाइतकेच त्यांच्यासाठीही थिएटरात येत. बोलपट आल्यावर या मंडळींच्या पोटावर पाय आला. त्यांनी संप केले. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचे थोरले भाऊ हेइगो हे बेन्शी होते आणि संपात पुढे होते. १९३३ साली त्यांनी आत्महत्या केली. भारतात मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि दोन-चार वर्षांत मूकपट हद्दपार झाले. ‘जन्माला तर आलो’ जूनमध्ये लागला त्याच १९३२ च्या फेब्रुवारीत कोल्हापूरच्या प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आणला होता. जपानमध्ये मात्र १९३१ साली बोलपट येऊनही मूकपट पुढे कित्येक वर्षं निघत राहिले, त्यात बेन्शींच्या लोकप्रियतेचा मोठा वाटा होता. खुद्द ओझूंनी पहिला बोलपट केला तो १९३६ साली.

हे मी आधीच लिहून सगळ्यांना पाठवलं. त्यावर कुडाळच्या काकांचा फोन आला. त्यांचं घर पिंगुळीपासून जवळ. ते म्हणाले, ‘अगो, हे तर आमचे चित्रकथी!’ पिंगुळीचे ठाकर कलावंत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकामागून एक प्रेक्षकांपुढे धरतात आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगतात. चित्र बोलत नाही, त्याच्या बाजूचा माणूस बोलतो. काकांनी लहानपणी ते खेळ पाहिलेले. त्यांचा आग्रह पडला की एखादा प्रसंग तरी आपण मराठी निवेदनासह बघू, निवेदन मी करतो. माझी काही हरकत नव्हती, उलट मला ते फार आवडलं.

ठरलं ते असं : आधी प्रत्येकाने घरी पाहायचा, आवाज हवा त्याने ठेवायचा, पण फोन दुसऱ्या खोलीत. मूकपट बघताना डोळा हलला की प्रसंग निसटतो. बोलपट चालू असताना आपण भाजी निवडतो, कपड्यांच्या घड्या घालतो, कान सिनेमाकडे असतात. इथे कानांचा उपयोग नाही. बडोद्याची आमची मैत्रीण जपानी शिकवते. तिने पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या लिखित पाट्यांचं मराठी करून दिलं, त्यामुळे नाशिकच्या निवृत्त बाईंच्या पंचाऐंशी वर्षांच्या आईसुद्धा शेवटपर्यंत बसल्या. रविवारी बाईंनी पहिलं वाक्य टाकलं ते आईंचंच : ‘त्या पोराच्या पाठीवरचा कागद बघितलास का?’

तो कागद सगळ्यांनीच पाहिला होता. टोळीत एक अगदी बारकं पोर आहे. त्याच्या पाठीवर आईने सूचना लावून दिली आहे की याचं पोट बिघडलंय, कृपया याला काही खायला देऊ नका. कथेशी त्याचा काडीचा संबंध नाही. ते पोर इकडून तिकडे नुसतं वावरत असतं, पाठ फिरली की कागद दिसतो. पण त्या एका कागदातून घर दिसतं, कामात बुडालेली आई दिसते, आणि पोराला काहीबाही देणारी शेजारपाजारची माणसंही दिसतात. मूकपटात लिहिलेला मजकूर म्हणजे पाटी, आणि इथे ओझूंनी ती पाटी चक्क एका पोराच्या पाठीवर लावली आहे. आईंनी ती बरोबर हेरली.

चर्चेला मी क्रम लावला नव्हता. ज्याला जो प्रसंग राहून राहून आठवतो त्याने तो सांगायचा आणि मग तेवढाच तुकडा सगळ्यांनी मिळून परत बघायचा. या पद्धतीचा फायदा असा की ‘मला सिनेमा कसा वाटला’ यावर कुणी अडकत नाही. समोर प्रसंग असतो, त्यात काय दिसतंय ते सांगावं लागतं.

पुण्याच्या एका तरुण सभासदाने शाळा आणि ऑफिसचा जोड काढला. तो संकलनाचं काम करतो, त्यामुळे त्याला तो लगेच टोचला होता. शाळेतल्या पोरांवरून कॅमेरा एका बाजूला सरकत जातो आणि तीच गती धरून आपण ऑफिसातल्या टेबलांवर पोचतो. माणसं ओळीने बसलेली, एकेक जण जांभई देतोय. कॅमेरा पुढे जातो तसतशी जांभई पुढे जाते. एक जण जांभई देत नाही, तर कॅमेरा त्याच्यासाठी जणू परत येतो आणि त्याने जांभई दिल्यावरच पुढे सरकतो. आम्ही तो तुकडा परत परत पाहिला. हसू तर येतंच. पण तो तरुण म्हणाला की शाळेतली रांग आणि ऑफिसातली रांग यांच्यामध्ये ओझूंनी श्वास घ्यायलासुद्धा जागा ठेवलेली नाही, एक संपते तिथेच दुसरी सुरू. चित्र हळूहळू काळं करणं, एकातून दुसरं उमलवणं या सगळ्या युक्त्या जाणीवपूर्वक सोडल्या त्या याच सिनेमापासून, असं ओझूंनी सांगून ठेवलं आहे. त्यामुळे कट हा कटच राहतो. शाळा, कट, ऑफिस.

अबुधाबीचे आमचे इंजिनिअर मित्र पोरांच्या खेळावर अडले होते. टोळीत एक खेळ चालतो. म्होरक्याने बोटांनी खूण केली की समोरच्याने तिथल्या तिथे जमिनीवर आडवं पडायचं आणि दुसरी खूण होईपर्यंत उठायचं नाही. आधी आपली मुलं पडतात. मग दारूच्या दुकानातल्या पोऱ्याला मध्ये घालून ती दांडग्या पोराचा बंदोबस्त करतात आणि मग इतर पोरं त्यांच्यासमोर पडायला लागतात. चांगल्या कपड्यांतला तारोसुद्धा मातीत आडवा होतो. हे मित्र म्हणाले, ‘आपण मुलांची बाजू घेतो, बापाला नावं ठेवतो. पण मुलांनीही तर माणसं लोळवायची शिस्त मान्यच केलीय. त्यांची तक्रार एवढीच की बाप लोळणाऱ्यांत कसा, लोळवणाऱ्यांत का नाही?’ मला हे निरीक्षण सगळ्या संध्याकाळीतलं सर्वांत धारदार वाटलं. त्यात त्यांनी दुकानातल्या पोऱ्याची आठवण करून दिली. हा पोऱ्या दांडग्याला बदडायला तयार होतो, पण तारोला हात लावायला नकार देतो, कारण तारोच्या घरचं गिऱ्हाईक मोठं. मोठ्यांच्या जगातला हिशोब पोरांच्या जगात पहिल्यांदा येतो तो या पोऱ्याच्या तोंडून, आणि तेव्हा मुलांना त्यात काही वावगं वाटत नाही.

मग आम्ही साहेबांच्या घरच्या पडद्याकडे आलो. इथे सर्वाधिक वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

साहेबांना छोट्या कॅमेऱ्याने शूटिंग करायचा षोक. घरी प्रोजेक्टर आहे, हाताखालची माणसं जमली आहेत, तारोने मित्रांनाही बोलावलं आहे. मुलं पुढे बसतात. पडद्यावर प्राणिसंग्रहालय येतं. सिंह येतो, मग झेब्रा. झेब्रा पांढऱ्यावर काळा की काळ्यावर पांढरा यावर पोरांची हमरीतुमरी होते. मग रिळात अचानक साहेब दिसतात, गेइशांच्या, म्हणजे जपानी कलावंतिणींच्या, संगतीत. साहेबांची बायको नवऱ्याकडे रोखून बघते, साहेबांची चुळबुळ होते. ते सरतं आणि ऑफिस येतं. ऑफिसात योशिई, मुलांचे बाबा, कॅमेऱ्यापुढे तोंडं वेडीवाकडी करतायत, डोळे फिरवतायत, माकडचेष्टा करतायत. खोली हसते. तारो खुशीत येऊन म्हणतो की तुमचे बाबा किती मजेशीर आहेत. आणि पुढे बसलेल्या दोन चेहऱ्यांवरचं हसू जातं.

कुडाळच्या काकांनी निवेदन केलं ते याच तुकड्यावर. त्यांनी दोन दिवस खपून लिहून काढलं होतं. सिंह आला तसे ते गरजले, झेब्र्यावरून पोरांचा वाद त्यांनी मालवणीत रंगवला, त्याला तर न्यू जर्सीच्या घरातली शाळकरी मुलंही येऊन बसली. साहेब आणि गेइशा आल्यावर काकांनी आवाज खाली आणला, जणू घरातल्या बायकामाणसांना ऐकू जाऊ नये. आणि बाबा पडद्यावर आले तेव्हा ते बोलायचे थांबले. मुलं उठून जाईपर्यंत गप्प राहिले.

त्यावरून छान वाद झाला. बडोद्याच्या मैत्रिणीचं म्हणणं, खरा बेन्शी इथे गप्प बसला नसता, उलट इथेच त्याने प्रेक्षकाला रडवलं असतं. काकांचं उत्तर साधं होतं : ‘तिथे पोरांच्या मनात शब्दच नाहीत, मी कुठले आणू?’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. माझा कौल मी काकांना दिला. तोपर्यंत ते सतत बोलत होते, म्हणून ते थांबल्याचं जाणवलं. सुरुवातीपासून शांततेत पाहिलं असतं तर ही जागा इतर जागांसारखीच शांत गेली असती. निवेदनासह बघण्याने मला नवं काही मिळालं असेल तर ते हेच.

पण या प्रसंगातलं खरं मर्म नाशिकच्या बाईंनी दाखवलं. त्यांनी तुकडा परत लावायला सांगितला आणि विचारलं, ‘या रिळात लाजेची गोष्ट कुणी केलीय? आधी सांगा.’ आम्ही म्हणालो, बाबांनी. त्या म्हणाल्या, ‘साहेबांनी नाही? बायकोदेखत त्यांचं बिंग फुटलंय, सगळ्या नोकरांसमोर. पण रीळ पुढे सरकलं की विषय संपला. कुणाची टाप आहे त्यावर हसायची? आणि या माणसाने फक्त तोंडं वेडीवाकडी केली, कुणाचं काही वाईट केलं नाही, तर त्याचं घर मोडायची वेळ आली.’ एकाच रिळात दोघे उघडे पडतात. लाज मात्र ज्याच्या हातात कॅमेरा नाही त्याच्याच वाट्याला येते. हा प्रसंग मी आधीही पाहिला होता आणि दर वेळी माझं लक्ष मुलांच्या चेहऱ्यांवर असायचं. बाईंच्या बोलण्यानंतर मला साहेबांच्या बायकोची ती नजर विसरता येत नाही.

बाबांचं काम करणाऱ्या तात्सुओ साइतोंबद्दल सांगायलाच हवं. उंच, शेलाटा माणूस. घरी पक्का कुटुंबप्रमुख. मुलांना मोठे व्हा, चांगले मार्क आणा म्हणून दटावणारा. साहेबांसमोर मात्र तीच उंची त्यांना अडचणीची होते, खांदे आत जातात, कंबरेत वाक येतो. एकच शरीर दोन मापांत वावरतं, आणि हे त्यांनी एका शब्दाविना केलं आहे. धाकट्या केइजीचं काम करणारा तोमिओ आओकी त्या काळी ‘तोक्कान कोझो’ या नावाने ओळखला जाई. थोरला भाऊ जे करील ते तो तंतोतंत करतो, चप्पल काढण्यापासून रुसून बसण्यापर्यंत. भावाची नक्कल करणारा धाकटा ज्या घरात आहे त्या प्रत्येक घराने तो ओळखला असेल.

घरी आल्यावर मुलं बापाला धारेवर धरतात. आम्हाला मोठे व्हा म्हणता, तुम्ही तर कुणीच नाही. तारोच्या बाबांपुढे का वाकता? ते संचालक आहेत, मला पगार देतात. मग घेऊ नका पगार! बाप थोरल्याला धरून चोपतो. मुलं जेवायचं सोडतात. रात्री बाप दारूची बाटली काढतो. मुलं झोपल्यावर नवरा-बायको अंथरुणाशी येऊन त्यांच्याकडे बघत बसतात. यांनाही आपल्यासारखंच जिणं जगावं लागणार का, हा प्रश्न तिथे येतो.

इथे आमची चर्चा सिनेमातून बाहेर पडली आणि मी तिला अडवलं नाही. प्रत्येकाकडे एक साहेब निघाला. एका ताईंचं माहेर देवगडचं. मे महिन्यात घरच्या झाडांच्या आंब्यांची पहिली पेटी वडिलांच्या साहेबांकडे जायची, घरात त्यानंतर फुटायची. वडील स्वतः पेटी खांद्यावर घेऊन एसटीने जायचे. एकदा ताई सोबत होत्या. साहेबांच्या बंगल्यात वडील उभे होते, साहेब बसून होते, आणि वडील आंब्याचं कौतुक करत होते, जणू पेटी दुसऱ्याच कुणी आणली होती. ताई परत येताना एसटीत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ‘त्या पेट्यांमुळे काय झालं ते मला माहीत नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण माझं शिक्षण त्याच नोकरीवर झालं.’ पुण्याचा तरुण म्हणाला की त्याच्या कंपनीत साहेबांना नावाने हाक मारायची पद्धत आहे, सर म्हणायचं नाही. पण कॉलवर साहेबांनी विनोद केला की सगळे एकदम माइक चालू करून हसतात.

शेवटावरून मात्र एकमत झालं नाही. सकाळ होते. मुलं अंगणात बापाकडे पाठ करून बसली आहेत. आई भाताचे गोळे करून आणते, भूक हट्टाला हरवते. बाप येऊन शेजारी बसतो, स्वतःही खातो. मोठेपणी काय होणार, असं धाकट्याला विचारतो. तो म्हणतो, लेफ्टनंट जनरल. जनरल का नाही? तर जनरल दादा होणार आहे. मग बाप ऑफिसला, मुलं शाळेला, तिघं एकत्र निघतात. रेल्वेच्या फाटकापाशी साहेबांची गाडी उभी आहे. बाप घुटमळतो. मुलं बघतायत. तेव्हा थोरला मुलगाच म्हणतो, बाबा, जा, नमस्कार करून या. बाप जातो आणि वाकतो.

न्यू जर्सीच्या मित्राला हा पराभव वाटला. काल रात्री ज्यांनी जगाला जाब विचारला त्यांची एका रात्रीत आणि दोन भाताच्या गोळ्यांत समजूत निघाली, आणि उद्या हीच मुलं रांगेत बसून जांभया देणार. त्याच्या मते हा सिनेमातला सर्वांत क्रूर क्षण आहे आणि ओझूंनी तो हसत हसत दाखवला आहे. काकांना त्यात करुणा दिसली. देवगडच्या ताई काही बोलल्या नाहीत.

मी माझं म्हणणं मांडलं ते असं. त्या फाटकावर आधी कोण हलतं ते बघा. बाप नेहमीसारखा धावत सुटत नाही, थांबतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला साहेबांपेक्षा मुलांच्या नजरेची जास्त भीती वाटते. आणि मुलं त्याला त्या भीतीतून सोडवतात. साहेब मोठे आहेत हे त्यांना पटलेलं नाही. आपले बाबा कशातून जातात ते त्यांना कळलं आहे. वाकणं तेच राहतं, पण आता ते मुलांपासून लपवावं लागत नाही. मला ही शरणागती वाटत नाही. न्यू जर्सीचा मित्र म्हणाला, ‘पण साहेबांना काय फरक पडला? गाडी तीच, वाकणंही तेच.’ हे खरंच आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं, आजही नाही. मला तरीही तो क्षण मायेचाच वाटतो.

धाकट्याच्या त्या उत्तरावर मी थोडं अधिक बोलले, कारण तारखा डोळ्यासमोर होत्या. १९३१ च्या सप्टेंबरात जपानी सैन्याने मांचुरियावर आक्रमण केलं. १५ मे १९३२ ला तरुण नौदल अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाईंना त्यांच्या घरात घुसून गोळ्या घातल्या. सिनेमा लागला तो ३ जूनला, तीन आठवडेही लोटले नव्हते. त्या थिएटरात ‘लेफ्टनंट जनरल’ वाचून लोक हसले असतील, मुलाने दादासाठी वरची जागा राखून ठेवली म्हणून. १९३२ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा १९४१ मध्ये एकोणीस वर्षांचा होतो. ओझूंना स्वतःला १९३७ मध्ये सैन्यात बोलावून चीनला पाठवलं गेलं. पुढे काय होणार हे सिनेमाला माहीत असण्याचं कारण नाही, पण ज्या जगात बापाकडे पगार आणि साहेब एवढंच आहे त्या जगात मुलाला मोठेपणाचं दुसरं चित्र कुठलं दिसतं, ते मात्र सिनेमाने टिपलं आहे.

कॉल ठरल्यापेक्षा बराच लांबला. अबुधाबीचे मित्र दुसऱ्या दिवशी कामावर जायचं म्हणून निघाले, बाकीचे बसलेच होते. ओझूंचे सुरुवातीचे कितीतरी मूकपट हरवले आहेत, अगदी १९२७ सालचा पहिला सिनेमाही आज उपलब्ध नाही, हे ऐकून बाईंच्या आई मागून म्हणाल्या, ‘मग आहेत ते तरी बघून घ्या.’

त्यामुळे पुढचा सिनेमाही ओझूंचाच ठरला, १९३३ सालचा ‘देकिगोकोरो’. त्यात साहेबांचं काम करणारे ताकेशी साकामोतो चक्क बाप झाले आहेत, मद्याच्या कारखान्यात राबणारा, लिहिता-वाचता न येणारा बाप. आणि मुलगा आहे तोच, तोमिओ आओकी. बापाला अक्षर येत नाही म्हणून मुलाला पोरं चिडवतात. काकांनी निवेदनासाठी दोन प्रसंग आताच मागून घेतले आहेत. न्यू जर्सीच्या मित्राने चर्चा चालवायची जबाबदारी घेतली आहे, आणि बडोद्याची मैत्रीण पाट्यांना लागली आहे.